हयातीचा दाखला

(पत्र मोठं होतं. जागेसाठी थोडं कापलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

ताई, माफ करा, अक्षर चांगलं नाही, हात थरथरतो. वय ७२. नेरूळला राहते. मिस्टर ठाण्याला सरकारी नोकरीत होते, २०१९ मध्ये गेले. घर सिडकोचं, आमच्या दोघांच्या नावावर. मुलगा, सून, नात माझ्याजवळ राहतात, म्हणजे आता मीच त्यांच्याजवळ राहते. मिस्टर गेले त्या महिन्यात एटीएमचा पिन माझ्याकडून तीनदा चुकला आणि कार्ड ब्लॉक झालं. तेव्हापासून नवीन कार्ड मुलाकडे आहे. पेन्शन किती येते ते मला नक्की माहीत नाही. औषधाला पैसे मागितले की देतो, पण 'परवाच तर दिले' म्हणतो. नातीला अभ्यासाला खोली हवी म्हणून मी गॅलरीत आले. ती बंद करून घेतलेली आहे, वॉशिंग मशीनही तिथेच. पहाटे साडेपाचला लागतं, पण मला तशीही झोप नसते. दुपारी नातीला शाळेच्या बसमधून मीच घेते, संध्याकाळचा कुकर मीच लावते. सूनबाई बोलत नाही फारशी, पण तिचं तोंड सदा वाकडं. मी काही बोलले की मुलगा म्हणतो, 'तुला काय कळतंय?' गणपतीत पाहुण्यांसमोर मी उकड सैल झाली असं म्हणाले तर त्याने मला दंडाला धरून आत नेलं. जरा जोरात, पण त्याला कामाचा फार ताण असतो. दंड चार दिवस निळा होता.

आता तो म्हणतो, तुझा वाटा बक्षीसपत्राने माझ्या नावावर कर, ताईकडून, म्हणजे माझ्या मुलीकडून, हक्कसोडपत्र घेऊ. कागद तयार आहेत. मुलगी कळव्याला असते. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही, तिच्या घरी तिचे सासू-सासरे आहेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला मुलगा मला स्कूटरवरून बँकेत नेतो, येताना उसाचा रस पाजतो. त्या दिवशी फार बरं वाटतं. कधी कधी वाटतं सकाळी डोळे उघडूच नयेत. एके काळी मी बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी चौदा वर्षं चालवली, आता खरं वाटत नाही. ताई, सही करू का? आणि मी खरंच ओझं झाले आहे का? माफ करा, फार लिहिलं.
– एक अडगळ

काकू,

पत्राखाली तुम्ही जे नाव लिहिलंय, त्या नावाने मी तुम्हाला हाक मारणार नाही.

आधी एका वाक्याबद्दल. सकाळी डोळे उघडूच नयेत, हे तुम्ही उसाचा रस आणि भिशी यांच्या मधे जाता जाता लिहून गेलात. मी तिथेच थांबले. हे वाटणं रोजचं झालं असेल, किंवा काही करून घ्यावं असा विचार एकदा जरी डोक्यात येऊन गेला असेल, तर पुढचं नंतर वाचा. आधी १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आणि मुलीला फोन करा. 'मला बरं वाटत नाही, तू ये' एवढं म्हटलंत तरी ती येईल. झोप उडणं, कशातच जीव न रमणं, आपण कोणाला नकोसे आहोत असं सतत वाटणं, हा आजार असू शकतो आणि सत्तरीनंतरही तो उपचारांनी बरा होतो. 'या वयात असं व्हायचंच' असं कोणी डॉक्टर म्हणाला, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आता सही. करू नका.

घराचा हिशेब एकदा तुमच्यासमोर मांडते, कारण तो तुम्हाला कोणी मांडून दाखवलेला दिसत नाही. घर दोघांच्या नावावर, म्हणजे सर्वसाधारणपणे निम्मं मुळातच तुमचं. मिस्टरांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांच्या निम्म्याचे तीन सारखे वाटे होतात: तुम्ही, मुलगा, मुलगी. घराचे सहा वाटे धरा. त्यातले चार तुमचे, एक मुलाचा, एक मुलीचा. भिशी चालवलेल्या बाईला हे तोंडी जमेल. सहातले चार वाटे जिचे, ती पहाटे साडेपाचला वॉशिंग मशीनच्या आवाजाने उठते आणि वर मलाच सांगते की तिला तशीही झोप नसते.

तुम्हाला घर शेवटी मुलालाच द्यायचं असेल, तर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण त्यासाठी मृत्युपत्र आहे. ते साध्या कागदावर होतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही लागते. नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर उत्तम. मुख्य म्हणजे तुम्ही आहात तोवर ते कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. एकदा नोंदणी झाली की तुम्ही त्या भागाच्या मालक राहत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र असंच रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. पण त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, अशी अट होती हेच दिसत नाही म्हणून आईच्या विरुद्ध निकाल दिला होता. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढून आपलंच घर परत मागण्यापेक्षा आज पेन खाली ठेवणं सोपं आहे.

तुमचं मूळ पत्र मी दोनदा वाचलं. त्यात 'माफ करा' अकरा वेळा आहे. अक्षरासाठी, पत्राच्या लांबीसाठी, माझा वेळ घेतल्याबद्दल. आणि 'पण' हा शब्द जिथे जिथे आहे, तिथे काही तरी दुखतंय. दंडाला धरलं, पण ताण असतो. मशीन लागतं, पण झोप नसते. तुम्ही प्रत्येक जखमेवर लगेच स्वतःच्या हाताने पदर ओढला आहे. चार दिवस दंड निळा होता, हे वाक्य मात्र तुम्ही 'पण' न लावता लिहिलंत. ते मला सगळ्यात खरं वाटलं. काकू, याला छळ म्हणतात. शब्द मोठा वाटेल, पोटच्या मुलाबाबत तर लिहवतही नाही. तरी आईचे पैसे तिला न विचारता ताब्यात ठेवणं, चारचौघांत तिला गप्प करणं, दंड निळा होईल इतक्या जोराने ओढणं, याला मला दुसरा शब्द माहीत नाही. तुमच्या एकटीच्याच घरी हे घडतंय असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, साठीपुढच्या दर सहा माणसांतल्या एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारची वाईट वागणूक मिळते. तुमच्या बिल्डिंगमध्ये साठीपुढची किती माणसं आहेत, मोजून पाहा.

आणखी एक गोष्ट, जी मला अशा पत्रांत फार दिसते. तुमच्या मूळ पत्रात सूनबाईवर दोन परिच्छेद होते, तिच्या चहाच्या वेळेपासून तिच्या माहेरापर्यंत. मी ते कापले. कार्ड कोणाकडे आहे? मुलाकडे. 'तुला काय कळतंय' कोण म्हणतं? मुलगा. दंड कोणी धरला, कागद कोणी तयार केले? आईला मुलाविरुद्ध लिहिताना पेन अडतं आणि मग सगळी शाई सुनेवर सांडते. सुनेचं आणि तुमचं पटत नसेल, त्यावर वेगळं बोलू. पण आज बोलायचं आहे ते मुलाशी, आणि ते तिच्या आडून बोलता येणार नाही.

उसाच्या रसाबद्दल लिहिताना मला जड जातंय. त्या दिवशी तुम्हाला जे बरं वाटतं, ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्याची माया तेव्हा खरी असेलही, माणसं एकाच वेळी प्रेमही करतात आणि वाईटही वागतात. पण वर्षातला तो एक दिवस कोणता, हे तुमच्याही लक्षात आलंय. तुम्ही जिवंत आहात असा कागद झाला नाही, तर पेन्शन थांबते. लक्षात आलं नसतं, तर रस आणि दाखला तुम्ही एकाच वाक्यात लिहिला नसता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ओझं झाले आहे का. ठाण्यात ज्येष्ठ बायकांच्या एका गटात मी दर गुरुवारी जाते. तिथे एकदा सहज विचारलं, उद्या तुमच्या आवडीची भाजी होणार आहे, कोणती सांगू? बहुतेक जणी म्हणाल्या, 'मला काय, काहीही चालतं.' एक जण तिच्या जावयाला काय आवडतं ते सांगायला लागली. कोपऱ्यातल्या एक बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, 'शेवळं.' आणि त्यांना रडूच फुटलं. आठ-नऊ वर्षं झाली होती शेवळं खाऊन. पावसाळ्याच्या तोंडाला बाजारात त्या स्वतः जायच्या, त्यात घालायची आंबट काकडं शोधून आणायच्या, घशाला खाजू नये म्हणून निगुतीने शिजवायच्या. ते बंद कधी झालं, कोणी केलं, हे त्यांनाही सांगता येईना. कोणी 'नको' म्हटलंच नव्हतं. फक्त कोणी विचारलं नव्हतं.

माणसाची किंमत त्याच्या स्वतःच्याच नजरेत उतरते ती अशीच, एकेक गोष्ट हातातून सुटत. आधी कार्ड. मग खोली. मग उकड सैल झाली म्हणण्याचा हक्क. मोदकांची उकड तुम्ही पन्नास वर्षं काढत असाल, त्यावर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं? तुम्ही पेन्शन घरात आणता, नात सांभाळता, कुकर लावता, घराच्या चार वाट्यांच्या मालक आहात. ओझं नाही आहात. आणि समजा उद्या अंथरुणाला खिळलात, पेन्शन नसली, घर नसलं, तरी माझं उत्तर हेच राहील. आईबापांना सांभाळायचं ते काही त्यांच्या खात्यात काय आहे ते बघून नाही.

पण मी एकदा लिहून तुम्हाला हे पटणार नाही, हे मला माहीत आहे. 'तुला काय कळतंय' तुम्ही पाच-सहा वर्षं रोज ऐकलंय, माझं पत्र एकदाच वाचाल. म्हणून तुम्हाला पटवत बसण्याऐवजी एक काम सांगते. भिशीची वही आठवते? चौदा वर्षं, दर महिन्याला, सगळ्यांचे पैसे, आणि एका रुपयाचा घोळ नाही. ही मी मनाची जोड देत नाहीये, तुमच्याच मूळ पत्रात आहे ते. ती बाई आणि नवरा गेला त्या महिन्यात पिन विसरणारी बाई एकच आहे. चाळिशीतली माणसंसुद्धा त्या दिवसांत स्वतःच्या गाडीचा नंबर विसरतात.

तर बँकेत जा. भिशीतली कोणी ना कोणी अजून त्याच बिल्डिंगमध्ये असेल, तिला बरोबर घ्या. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी सकाळी जा. पासबुक आणि आधार कार्ड न्या. पासबुक भरून घ्या आणि तिथेच खुर्चीवर बसून, चष्मा लावून, पेन्शनचा आकडा स्वतः वाचा. मग साहेबांना सांगा की माझं एटीएम कार्ड बंद करा. नवीन लगेच मागू नका, ते पोस्टाने घरीच येईल. पैसे स्लिप भरून काढता येतात, आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं तेच केलंय. खात्याला मोबाइल नंबर कोणाचा जोडलाय आणि खात्यावर दुसरं कोणाचं नाव आहे का, तेही विचारा. नंबर मुलाचा असेल तर बदलून तुमचा करा. तुमच्या खात्याबद्दल तुम्हीच विचारताय, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. हयातीचा दाखलाही या वर्षी असाच तिच्याबरोबर जाऊन द्या.

घरी आलात की एक शंभर पानी वही सुरू करा. तारीख, किती पैसे काढले, औषधाला किती गेले, आणि घरात कोण काय बोललं, जसंच्या तसं. उद्या तक्रार करायची वेळ आली तर ती वही कामी येईल. पण तिचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. सतत 'तुला आठवत नाही' ऐकून माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचाच भरवसा जातो. वहीत तुमच्या अक्षरात, थरथरत्या का होईना, लिहिलेलं असेल तर तो परत येतो. खरंच विसरायला होतंय अशी शंका असेल तर रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड, बी-१२ कमी असणं, ऐकू कमी येणं, मन उदास असणं, यांनीही विसरायला होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत.

मग मुलाशी बोलणं. तो कामावरून दमून आल्यावर नको, जेवणाच्या ताटावर तर नकोच. रविवारी सकाळी, मुलगी किंवा तुमचा भाऊ, कोणी तरी तिसरं समोर असताना. वाक्य आधी पाठ करा: 'बाळा, मी सही करणार नाही. माझ्यानंतर काय करायचं ते मी मृत्युपत्रात लिहीन. आणि माझ्या अंगाला पुन्हा हात लावायचा नाही.' एवढंच. कारणं देऊ नका. कारण दिलं की ते खोडता येतं. तो चिडेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. त्या चार दिवसांत तुम्हाला सही करून टाकावीशी वाटेल, घरात शांतता यावी म्हणून. तेव्हा मुलीकडे जाऊन राहा. नेरूळहून ठाण्याची गाडी मिळते. आणि त्या आधीच सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शनची पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा कागद, मिस्टरांच्या मृत्यूचा दाखला, हे सगळं एका पिशवीत घालून मुलीकडे ठेवून द्या.

मुलीला सांगितलं नाही म्हणता. का, ते कळतंय मला, तिच्या संसारात आपलं रडगाणं नको. पण हक्कसोडपत्राचा कागद उद्या तिच्यासमोर येणारच आहे, आणि 'आईची इच्छा आहे' असं सांगून येणार आहे. तो यायच्या आधी तिला तुमच्या तोंडून कळू दे.

पुन्हा हात उचलला गेला तर ११२. भांडण विकोपाला न जाता नुसता सल्ला हवा असेल तर १४५६७, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आईलाही मुलाविरुद्ध वापरता येतो. २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. ते आधी प्रकरण समेट घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवू शकतात, आणि निर्वाह खर्चाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा असतो. अर्जासाठी वकिलाची फी कुठून आणू ही काळजी नको. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. तुम्हाला हे सगळं आज करायचंय असं नाही. पण हे आहे, हे माहीत असलेली बाई रविवारी सकाळी वेगळ्या आवाजात बोलते.

आणि दुपारी नातीची बस यायच्या आधी दोन तास असतात तुमच्याकडे. महापालिकेचं विरंगुळा केंद्र तुमच्या जवळपास कुठे आहे ते विचारून घ्या. पहिले दोन-तीन दिवस परकं वाटेल. जा तरीही. एखाद्या दिवशी गेला नाहीत तर 'काल का नाही आलात?' असं विचारणारं कोणी तरी हवंय तुम्हाला.

बँकेतून आलात की मला पत्र टाका. पेन्शनचा आकडा कळवा, मला तो खरंच जाणून घ्यायचा आहे. आणि या वेळी खाली तुमचं नाव लिहा. मी ते छापणार नाही.